उंबरठ्यापाशी आलेले रान

गढवालच्या डोंगरातील एका खेड्यात दोन मित्र रात्री घरात हुक्का ओढत बसले होते. खोलीत अंधार होता. दार लोटलेले होते, पण कडी लावलेली नव्हती, कारण त्या गावात नरभक्षकाने तोवर कोणाचा बळी घेतला नव्हता. दाराजवळ बसलेल्या मित्राच्या हातातून अचानक हुक्का निसटला आणि निखारे जमिनीवर विखुरले. मित्राचा हा निष्काळजीपणा समजून दुसरा निखारे गोळा करायला पुढे वाकला. तेव्हा त्याला दिसले की दार उघडे आहे, बाहेर चांदणे पडले आहे आणि त्या चांदण्यात एक बिबट्या त्याच्या मित्राला उचलून नेत आहे. ना किंकाळी झाली होती, ना झटापट.

१९१८ ते १९२६ या आठ वर्षांत रुद्रप्रयागच्या परिसरात या एका बिबट्याने १२५ माणसे मारल्याची सरकारी नोंद आहे. सुमारे पाचशे चौरस मैलांच्या त्या मुलखात सूर्य डोंगराआड गेला की रस्ते ओस पडत, दारांना आतून अडसर लागत आणि उजाडेपर्यंत कोणी उंबरठा ओलांडत नसे. केदारनाथ आणि बदरीनाथकडे जाणारी यात्रेची वाट याच मुलखातून जाते. त्यामुळे गवताने शाकारलेल्या उघड्या धर्मशाळांत मुक्काम करणारे देशभरातील यात्रेकरूही त्या भीतीचे वाटेकरी झाले होते.

ही भीती ज्यांनी संपवली, त्या जिम कॉर्बेट यांची ओळख आपल्याकडे बहुधा शिकारी म्हणूनच होते. मराठी घरांतल्या पुस्तकांच्या कपाटांत त्यांच्या शिकारकथांचे अनुवाद अनेक पिढ्या वाचले गेले आहेत. पण त्यांचे आयुष्य सलग पाहिले, तर बंदुकीपेक्षा घर हीच वस्तू त्यात वारंवार समोर येते. घर कोठे बांधायचे, त्याचे दार कसे लावायचे, घर आणि रान यांच्यामध्ये काय असायला हवे आणि रान उंबरठ्यापाशी का येते, हे प्रश्न त्यांना जन्मभर पुरले.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर विल्यम तेथील पोस्टमास्तर होते. आई मेरी जेन यांचा हा दुसरा विवाह; पहिला पती त्यांनी १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत गमावला होता. दोन्ही लग्नांची मुले मिळून घर भरलेले होते. सत्तेचाळीसच्या आधीच्या हिंदुस्थानात गोऱ्यांमध्येही प्रतवारी होती. विलायतेतून येऊन परत जाणारे बडे अधिकारी वेगळे आणि याच मातीत जन्मून येथेच पोट भरणारे वेगळे. कॉर्बेट कुटुंब दुसऱ्या वर्गातले. त्यांच्यासाठी विलायत हे आठवणीतले नव्हे, ऐकिवातले गाव होते.

जिम पाच वर्षांचा असताना, १८ सप्टेंबर १८८० रोजी, नैनीतालच्या तळ्यावरचा डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. ज्या उतारावर गोऱ्या वस्तीचे बंगले उठत होते, तोच उतार खचला होता. त्यानंतर कॉर्बेट कुटुंबाने तळ्याच्या दुसऱ्या बाजूला, अयारपाट्याच्या उतारावर गर्नी हाउस हे घर उभे केले. पुढच्याच वर्षी वडील वारले. पदरी मोठे कुटुंब असलेल्या विधवा मेरी जेन यांनी उपजीविकेसाठी निवडलेला धंदा त्या काळात बाईने करण्यासारखा मानला जात नव्हता. उन्हाळ्यात डोंगरावर येणाऱ्या साहेबलोकांना बंगले भाड्याने मिळवून देण्याचे काम त्या करू लागल्या. नैनीतालमधील घरांच्या दलालीचा पाया त्यांनीच घातला असे मानतात. पुढे जिम यांनीही या व्यवसायात लक्ष घातले आणि नैनीतालच्या नगरपालिकेत काम केले. डोंगरात माणसाची वस्ती कशी वाढते, झाड तोडून घर कसे उभे राहते, हे त्यांनी अगदी जवळून पाहिले होते.

हिवाळ्यात कुटुंब डोंगर उतरून पायथ्याच्या कालाढुंगी गावी जात असे. भाबर म्हणतात त्या पट्ट्यातले हे गाव. मागे डोंगर, पुढे तराईचे जंगल आणि मधून वाहणारी बोर नदी. घराचे कुंपण संपले की रान सुरू होई. जिमचे खरे शिक्षण येथे झाले. चितळ कोणत्या सुरात ओरडला म्हणजे बिबट्या दिसला असे समजावे, वानराची हाक कोणत्या दिशेने सरकते, ओल्या वाळूतला माग किती वेळापूर्वीचा, हे तो गावातल्या माणसांकडून आणि रानातल्या पाखरांकडून शिकला. गावचा ठाकूर कुंवरसिंग चोरट्या शिकारीत वाकबगार होता आणि तोच त्याचा एक गुरू.

लहानपणीची एक घटना त्यांनी पुढे लिहून ठेवली. एक जुनी, ठासणीची, फुटक्या नळीची बंदूक घेऊन हा मुलगा रानकोंबड्यांच्या मागावर एका बोरीच्या झुडपाआडून डोकावत होता. झुडूप हलले आणि पलीकडून एक वाघ बाहेर आला. वाघाने वळून त्याच्याकडे पाहिले आणि मागे न बघता तो चालू लागला. भरल्या रानात, हातभर अंतरावर आलेल्या या भेटीचा अर्थ त्यांना मोठेपणी लागला. ज्या प्राण्याला माणसाशी काही घेणेदेणे नाही, तो वाट सोडून देतो. मग एखादा वाघ वाट का सोडत नाही, हा पुढचा प्रश्न.

कॉलेजशिक्षण परवडणारे नव्हते. विशी गाठण्यापूर्वीच ते बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत इंधन निरीक्षक म्हणून लागले. त्या काळी इंजिने लाकडावर चालत, म्हणजे नोकरीची सुरुवात झाली ती जंगलतोडीवर देखरेख करण्यापासून. पुढे बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाट येथे ब्रॉडगेजच्या वाघिणींतला माल मीटरगेजच्या वाघिणींत भरण्याचे कंत्राट त्यांना मिळाले. हमालांच्या बरोबरीने ओझी उचलीत त्यांनी तेथे वीसहून अधिक वर्षे काढली. स्टेशनमास्तर रामशरण यांच्यासोबत कामगारांच्या मुलांसाठी शाळाही काढली. वाघाची गाठ पडे ती रजेत, डोंगरावरच्या घरी आल्यावर.

अशाच एका रजेत, १९०७ साली, नैनीतालच्या डेप्युटी कमिशनरांनी त्यांना चंपावतच्या वाघिणीविषयी विचारले. ही वाघीण नेपाळातून हाकलली जाऊन कुमाऊंत आली होती आणि दोन्हीकडचे मिळून ४३६ बळी तिच्या नावावर होते. कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या. सरकारने लावलेले इनाम रद्द करावे आणि बाकीच्या शिकाऱ्यांना माघारी बोलवावे. पैशांसाठी मारणारा माणूस म्हणून ओळखले जाणे त्यांना नको होते. शिवाय चहूकडून बंदुका रोखल्या गेल्या की चुकीचे जनावर आणि चुकीचा माणूस दोन्ही मरतात, याची त्यांना जाणीव होती.

पाली नावाच्या गावी ते पोहोचले, तेव्हा पन्नासेक माणसांचे ते खेडे दारे लावून बसले होते. काही दिवसांपूर्वी गावातल्या एका बाईला वाघिणीने नेले होते. पाणवठा जवळ असूनही लोक बाहेर पडत नव्हते. अंगणांची अवस्था अशी झाली होती की, कोणी दिशेलाही लांब गेलेले नाही हे न सांगता कळावे. पिके शेतात उभी होती, पण कापायला जाणार कोण? पहिली रात्र कॉर्बेट यांनी रस्त्याकाठच्या झाडाला पाठ टेकून काढली आणि त्या रात्री आपण किती घाबरलो होतो, हे पुढे मोकळेपणाने कबूल केले. सकाळी त्यांनी आधी लोकांना शेतावर नेले. बंदूक घेऊन ते बांधावर उभे राहिले आणि बायाबापड्यांनी पीक कापले. वाघीण नंतर मेली. त्याआधी गावाची दारे उघडली गेली होती.

ही शिकार संपली ती चंपावतजवळ. लाकूडफाटा आणायला गेलेली एक तरुण मुलगी वाघिणीने मारली. तहसीलदारांनी सुमारे तीनशे माणसे जमवून हाका घातला आणि कॉर्बेट यांच्या गोळ्यांनी वाघीण पडली. शेवटची गोळी झाडण्यासाठी त्यांना तहसीलदारांचीच जुनी बंदूक हिसकावून घ्यावी लागली, इतकी त्यांची स्वतःची काडतुसे अपुरी ठरली. त्यानंतर त्यांनी वाघिणीचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा आणि खालचा थेट हाडापर्यंत तुटलेला होता. कोण्या अज्ञात बंदूकधाऱ्याच्या गोळीने ही जखम केली होती. या सुळ्यांशिवाय तिला सांबर किंवा रानडुक्कर धरता येत नव्हते. ४३६ माणसांच्या मृत्यूची सुरुवात अशी एका माणसाच्या चुकलेल्या नेमापासून झाली होती.

ही सवय त्यांना कायमची लागली. प्रत्येक नरभक्षक मारल्यावर ते त्याचे शरीर तपासत. साळिंदराचे काटे रुतलेला पंजा, जुनी गोळी, झिजलेले दात, असे काहीतरी बहुधा सापडत असे. वाघ माणसाकडे वळतो तो नाइलाजाने, या निष्कर्षाप्रत ते आले. बिबट्याची कथा वेगळी होती. तो मेलेले जनावरही खातो. साथीच्या रोगात माणसे इतकी मरतात की विधिवत दहन होत नाही. १९१८ च्या तापाच्या साथीत गढवालमध्ये हेच झाले. प्रेताच्या तोंडात निखारा ठेवून ते दरीत लोटून दिले जाई. खालच्या रानातल्या बिबट्याला या अन्नाची चटक लागली आणि साथ ओसरल्यावर तो वर, गावाकडे आला, असे कॉर्बेट यांनी मांडले. रुद्रप्रयागच्या बिबट्याचा पहिला नोंदलेला बळी ९ जून १९१८ चा आहे.

त्या बिबट्याने घर या कल्पनेलाच आव्हान दिले. खिडकीतून, कुडाच्या भिंतीतून, लोटलेल्या दारातून तो आत येई. एका गावात चाळीस शेळ्या राखणाऱ्या चौदा वर्षांच्या एका अनाथ मुलाला मालक रात्री शेळ्यांसोबतच कोंडत असे. मुलगा आतून दाराला दगड लावून झोपे. बिबट्याने दार उघडले आणि शेळ्यांमधून वाट काढत तो मुलापर्यंत पोहोचला. सकाळी एकाही शेळीला ओरखडा नव्हता. ज्यांच्या घराला जाड भिंत आणि भक्कम अडसर होता, त्यांच्या वाट्याला भीती आली. ज्यांना गोठ्यात नाहीतर उघड्या धर्मशाळेत झोपावे लागे, त्यांच्या वाट्याला मरण आले. या कथांत हा फरक ठळकपणे दिसतो आणि कॉर्बेट यांनी तो लपवलेला नाही.

सरकारने सर्व उपाय केले होते. बंदुकांचे विशेष परवाने वाटले, इनामे लावली, सापळे मांडले, मृतदेहांत विष घातले. दोन तरुण लष्करी अधिकारी रुद्रप्रयागच्या झुलत्या पुलाच्या बुरजांवर दोन महिने बसले. बिबट्या आला, गोळी झाडली गेली आणि त्याच्या पंजाला चाटून गेली. कॉर्बेट १९२५ च्या शरद ऋतूत पहिल्यांदा आले आणि कित्येक आठवडे जागून रिकाम्या हातांनी परतले. १९२६ च्या वसंतात ते पुन्हा आले. गढवालचे डेप्युटी कमिशनर इबॉटसन सोबत होते. एकदा सापळ्यात एक मोठा बिबट्या अडकला आणि मारला गेला. लोकांनी आनंद साजरा केला, पण कॉर्बेट यांना खात्री वाटेना. लगेच पुन्हा बळी गेल्याची बातमी आली. मेलेला बिबट्या दुसराच होता. आपल्या हातून निरपराध जनावर मारले जाण्याचे त्यांना किती वाईट वाटे, हे त्यांच्या लिखाणात वारंवार येते.

शेवट झाला तो गुलाबराय येथे, यात्रेकरूंच्या धर्मशाळेजवळच्या आंब्याच्या झाडावर. तेथे राहणारा पंडित स्वतः या बिबट्याच्या हल्ल्यातून वाचलेला होता. कॉर्बेट यांनी झाडाखाली गळ्यात घंटा बांधलेली शेळी ठेवली आणि दहा रात्री जागण्याचे ठरवले. दहाही रात्री कोऱ्या गेल्या. अकराव्या रात्री यात्रेकरू धर्मशाळेत झोपलेले असताना घंटा वाजली. विजेरी क्षणभर पेटली आणि विझली. गोळी त्याच क्षणात सुटली होती. २ मे १९२६ रोजी सकाळी थोड्या अंतरावरच्या एका खड्ड्यापाशी बिबट्याचे कलेवर सापडले. तो म्हातारा नर होता. त्याच्या अंगावर आठ वर्षांतल्या हल्ल्यांच्या खुणा होत्या आणि पंजावर पुलावरच्या त्या गोळीचा व्रण. ज्याच्या नावाने मुले थरथरत, ते हे एक थकलेले जनावर होते. रुद्रप्रयागला त्याला पाहायला लोटलेली गर्दी कॉर्बेट यांच्या पायांवर फुले वाहत होती, तेव्हा त्यांच्या मनात विजयापेक्षा त्या म्हाताऱ्या जनावराचाच विचार अधिक होता.

पण नरभक्षक हा अपवाद. रानाच्या कडेला राहणाऱ्यांचे रोजचे दुखणे वेगळे असते. रात्रीतून पीक लोळवणारी रानडुकरे, हरणांचे कळप, दावणीचे वासरू नेणारा बिबट्या. या दुखण्यावर कॉर्बेट यांनी जे केले, त्याची चर्चा कमी होते. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी नावाचे उजाड पडलेले गाव त्यांनी विकत घेतले. पाण्याचे पाट काढले, बाहेरून बियाणे आणले आणि सुमारे चाळीस कुळांची कुटुंबे तेथे वसवली. १९२२ मध्ये स्वतःसाठी व थोरली बहीण मॅगी हिच्यासाठी हिवाळी घर बांधले. रानातली जनावरे पिकात शिरत, म्हणून सगळ्या गावाभोवती त्यांनी दगडी भिंत घातली. हे काम वर्षानुवर्षे चालले. रान मागे हटवण्याऐवजी त्यांनी मधली रेष पक्की केली. भिंतीच्या पलीकडे वाघ राहिला आणि अलीकडे गहू पिकला. कुळांकडून त्यांनी खंड घेतला नाही आणि देश सोडताना ती जमीन कसणाऱ्यांकडेच राहील अशी व्यवस्था केली.

याच काळात बंदूक मागे पडू लागली. वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी रानातल्या वाघांची रात्री टिपलेली छायाचित्रे पाहून कॉर्बेट यांनी कॅमेरा घेतला. ओढ्याकाठी बसून वाघांचे चलच्चित्रण करायला लागणारा संयम शिकारीपेक्षा कठीण असल्याचे त्यांचे मत होते. शाळांतून ते वन्यजीवांवर व्याख्याने देत, पाखरांचे आणि चितळांचे आवाज हुबेहूब काढून दाखवत. १९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यात देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. त्याला माजी गव्हर्नर हेली यांचे नाव मिळाले. त्याच्या उभारणीत कॉर्बेट यांचा वाटा होता. मात्र ते निष्कलंक होते असे म्हणता येणार नाही. ज्या वर्षांत ते वाघ वाचवण्याविषयी बोलत होते, त्याच वर्षांत व्हाइसरॉयच्या पाहुण्यांसाठी वाघांच्या शिकारीची व्यवस्थाही करत होते. राज्यकर्त्यांच्या वर्तुळात त्यांना मिळालेला मान त्यांना प्रिय होता. त्या मानाची किंमत कधी कधी वाघाने मोजली.

शेवटचा नरभक्षक त्यांनी ३० नोव्हेंबर १९३८ रोजी ठाक येथे मारला. त्या वेळी ते त्रेसष्ट वर्षांचे होते. ठाक हे गाव वाघिणीच्या भीतीने पूर्ण रिकामे झाले होते. घरे, अंगणे, शेते सगळे जागेवर आणि माणूस एकही नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैनिकांना जंगलात वावरण्याचे शिक्षण दिले. १९४४ मध्ये त्यांचे कुमाऊंच्या नरभक्षकांवरचे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई कचेरीतून प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीचे मानधन त्यांनी युद्धात दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी दिले. मुंबईत छापलेले हे पुस्तक पाहता पाहता जगभर गेले.

मुंबई त्यांच्या आयुष्यात आणखी एकदा आली. स्वातंत्र्यानंतर आपल्यासारख्यांना येथे जागा उरणार नाही, अशी धास्ती बहीणभावांनी घेतली. नोव्हेंबर १९४७ मध्ये गर्नी हाउस विकले गेले आणि दोघे मुंबईच्या बंदरातून अरोंडा या बोटीने मोंबासाला निघाले. त्यांची भीती खरी ठरली असती का, हे आता सांगता येणार नाही. ज्या गावकऱ्यांनी त्यांना आपले मानले, ते कालाढुंगीतच राहिले होते, एवढे खरे. बहात्तराव्या वर्षी, ज्या देशात जन्म झाला तो सोडून, परक्या देशात बिऱ्हाड करणे म्हणजे काय, हे परदेशी राहणाऱ्यांना वेगळे समजावून द्यायला नको. येथे फरक एवढाच की, त्यांच्याकडे परतीचे तिकीट नव्हते.

केनियात न्येरी येथे, आउटस्पॅन हॉटेलच्या आवारातील पॅक्सटू या छोट्या घरात ते राहिले. हे घर मुळात स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांच्यासाठी बांधलेले. समोर माउंट केनिया होता आणि आसपासच्या रानात हत्ती, गेंडे, रानरेडे. वयाच्या शेवटच्या टप्प्यावरही घर आणि रान यांची सीमा अशी अंगणाजवळच राहिली. त्यांची पुढची पुस्तके येथेच लिहून झाली. त्यांतले भारतावरचे पुस्तक १९५२ चे. त्यात वाघ जवळजवळ नाहीतच. आहेत ते मोकामाचे हमाल, कालाढुंगीचे शेतकरी आणि डोंगरातले गरीब. हजारो मैलांवर बसून त्यांनी मनातल्या मनात ते गाव पुन्हा वसवले.

त्याच वर्षी, ५ फेब्रुवारीला, ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ झाडावर बांधलेल्या ट्रीटॉप्स या मुक्कामी आली. पाणवठ्यावर हत्तींचा कळप उभा असताना पाहुण्यांना रानातून चालत शिडीपर्यंत यावे लागले. रात्री सगळे झोपल्यावर शहात्तर वर्षांचे कॉर्बेट शिडीच्या वरच्या टोकाशी बंदूक घेऊन बसून राहिले, बिबट्या वर चढू नये म्हणून. त्या रात्रीच सँड्रिंगहॅममध्ये राजाचे निधन झाले. झाडावर चढलेली राजकन्या उतरली ती राणी होऊन, अशी नोंद त्यांनी केली. रुद्रप्रयागचा आंबा आणि न्येरीचे हे झाड यांच्यामध्ये सव्वीस वर्षे होती, पण पहारा तोच होता. झोपलेल्या माणसांच्या आणि जागणाऱ्या रानाच्या मधला.

१९ एप्रिल १९५५ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. न्येरीच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. भारताने पुढे हेली यांच्या नावाने सुरू झालेल्या उद्यानाला कॉर्बेट यांचे नाव दिले आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही तेथूनच झाली. कालाढुंगीचे हिवाळी घर आज संग्रहालय आहे. छोटी हल्द्वानीत त्या कुळांची नातवंडे-पतवंडे शेती करतात आणि गावाभोवतीची भिंत अनेक ठिकाणी अजून उभी आहे.

आता बिबट्या केवळ हिमालयाच्या पायथ्याशी उरलेला नाही. जुन्नरच्या उसाच्या फडांत त्याच्या पिढ्या वाढतात आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला खेटून असलेल्या इमारतींच्या कॅमेऱ्यांत तो रात्री चालताना दिसतो. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर भागात बिबटे पकडून लांबच्या रानात सोडण्याचा सपाटा लागला होता. सोडलेल्या ठिकाणांभोवती माणसांवरचे हल्ले वाढल्याचे संशोधकांच्या लक्षात आले. ओळखीचा मुलूख हिरावलेले जनावर अधिक धोक्याचे ठरत होते. दुसरीकडे, उसाच्या फडाशेजारी कोपीत झोपणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला या निष्कर्षाने रात्रीची झोप मिळत नाही. त्याला हवे आहे बंद होणारे दार.

शंभर वर्षांपूर्वी चाळीस शेळ्यांमध्ये झोपलेल्या त्या मुलालाही तेच हवे होते. कॉर्बेट यांनी दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानल्या. जनावराचा जबडा उघडून त्याची जखम पाहिली आणि गावाभोवती दगडावर दगड रचून भिंतही घातली. बंदूक त्यांनी हाती घेतली ती या दोन्ही गोष्टी चुकल्यावर.